शिट्टी वाजली, आता कोण कुठे?

बास्केटबॉलच्या पंचपरीक्षेची तयारी करणारी मुलं नियमांचं पुस्तक अगदी पाठ करून येतात. ट्रॅव्हलिंग कधी, तीन सेकंद कधी, कुठल्या फाऊलला किती फ्री थ्रो, सगळं तोंडावर असतं. मग पहिला सामना येतो. फाऊल बरोबर दिला जातो, टेबलाला खुणाही नीट होतात, आणि खेळ पुन्हा सुरू होताना लक्षात येतं की दोन्ही पंच बेसलाइनवर उभे आहेत. नाहीतर दोघंही मध्यरेषेपाशी. मग एकजण घाईघाईने दुसरीकडे पळतो, तोवर थ्रो-इन होऊन गेलेला असतो आणि बास्केटखालची ढकलाढकली कुणीच पाहिलेली नसते. निर्णय बरोबर होता, पण त्यानंतरच्या दहा सेकंदांत सामना हातातून सुटला.

फाऊलनंतर जागा कशी बदलायची हे नियमांच्या पुस्तकात फारसं सापडत नाही. ते पंचांच्या मेकॅनिक्सच्या पुस्तिकेत असतं, आणि ती पुस्तिका उघडायचा कंटाळा बहुतेकांना असतो. शाळा-कॉलेजांचे आणि जिल्ह्याचे सामने घेणाऱ्या नव्या पंचांसाठी, तसंच अचानक हातात शिट्टी पडणाऱ्या क्रीडाशिक्षकांसाठी हा विषय सोपा करून सांगावा, म्हणून हा लेख. माझं एकच म्हणणं आहे, आणि ते आधीच सांगतो: फाऊल झाल्यावर सगळ्यांचं लक्ष फाऊल देणाऱ्या पंचाकडे असतं, पण त्या क्षणी सामना सांभाळत असतो तो दुसरा. जागा बदलण्याची सगळी पद्धत या दुसऱ्याला आपलं काम करता यावं म्हणून आखलेली आहे. हे एकदा डोक्यात बसलं की कोणी कुठे जायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

आपल्याकडे बहुतेक सामन्यांना दोनच पंच असतात, म्हणून दोघांच्या पद्धतीपासून सुरुवात करू. एक पंच चेंडूच्या पुढे, बेसलाइनवर असतो. तो लीड. दुसरा खेळाच्या मागून, साइडलाइनच्या बाजूने येतो. तो ट्रेल. दहाही खेळाडू या दोघांच्या मध्ये राहिले पाहिजेत. चेंडू उलट दिशेला गेला की ट्रेल पुढे धावून नवा लीड होतो, आणि लीड मागे राहून नवा ट्रेल. खेळ चालू असताना होणारा हा बदल आपोआप होतो. आपला प्रश्न शिट्टीनंतरच्या बदलाचा आहे.

बास्केटबॉलमध्ये पंचांच्या नजरा वाटून घेण्याची कल्पना खेळाइतकीच जुनी आहे. जेम्स नायस्मिथ यांनी 1891 साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये हा खेळ सुरू केला. त्यांच्या मूळ 13 नियमांत अंपायरने माणसांकडे बघायचं आणि फाऊल टिपायचे, तर रेफरीने चेंडूकडे बघायचं, अशी सरळ विभागणी होती. आज दोन्ही पंच फाऊलही देतात आणि चेंडूही बघतात. तरी कुणीतरी एकाने कायम माणसांकडे बघत राहायचं हा धागा तुटलेला नाही. शिट्टीनंतर तर तो सगळ्यात महत्त्वाचा ठरतो, कारण चेंडू मेलेला असतो, घड्याळ थांबलेलं असतं आणि दहा तापलेली मुलं एकमेकांच्या अंगाजवळ उभी असतात.

आता एकच प्रसंग बारकाईने बघू. आंतरशालेय सामना, मुलींचा. निळ्या संघाची मुलगी बास्केटखाली शॉट मारायला उडी घेते आणि पांढऱ्या संघाच्या 24 नंबरच्या मुलीचा हात तिच्या मनगटावर पडतो. बॉल रिंगला लागून बाहेर येतो. लीडची शिट्टी वाजते आणि मूठ वर जाते. इथे पहिला नियम: मूठ वर गेली की क्षणभर थांबा. बहुतेक नवे पंच शिट्टी तोंडात असतानाच टेबलाकडे पळत सुटतात. तसं करू नका. जिथे आहात तिथेच थांबून दोन्ही मुली एकमेकींपासून दूर झाल्या ना, कुणी पडली ना, कुणी काही बोललं ना, हे बघा. फाऊल कशाचा आणि पुढे काय, फ्री थ्रो की थ्रो-इन, हे जागेवरच खुणेने दाखवा. मग खेळाडूंच्या घोळक्यातून न जाता, वळसा घालून, टेबलाला तुम्ही स्पष्ट दिसाल अशा जागी या. स्कोअररच्या अगदी पुढ्यात जायची गरज नाही.

तिथे उभं राहून क्रमाने तीन गोष्टी: नंबर, फाऊलचा प्रकार, शिक्षा. नंबर 24 आहे, तर आधी हाताची मागची बाजू टेबलाकडे करून दोन बोटं, म्हणजे दशक. मग तळहात टेबलाकडे करून चार बोटं, म्हणजे एकक. घाईत दोन्ही एकदम दाखवले की स्कोअरर सहा लिहून मोकळा होतो. मग हातावर मारल्याची खूण, मग दोन फ्री थ्रोची दोन बोटं. तोंडानेही सांगा, मोठ्याने. उघड्या मैदानावर, वाऱ्यात आणि आरडाओरड्यात हाताच्या खुणा हाच खरा आधार असतो, पण आवाजाची जोड असली की चूक कमी होते.

हे सगळं होईपर्यंत लीडची पाठ खेळाडूंकडे आहे. मग त्यांच्याकडे कोण बघतंय? ट्रेल. दारावरची बेल वाजली की घरात एकजण दार उघडायला जातो आणि दुसरा गॅसवरच्या दुधापाशी थांबतो, अगदी तेच. आणि ट्रेलने या वेळात नुसतं उभं राहायचं नाही. फाऊल कोणावर झाला, म्हणजे फ्री थ्रो कोण मारणार, हे त्याने लक्षात ठेवायचं. हे काम लहान वाटतं, पण खेळाडू हुशार असतात. संघातली सगळ्यात चांगली फ्री थ्रो मारणारी मुलगी साळसूदपणे रेषेवर येऊन उभी राहते. चुकीच्या खेळाडूने फ्री थ्रो मारणं ही फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत दुरुस्त करता येण्याजोगी चूक आहे, पण ती दुरुस्ती ठरावीक मुदतीतच करता येते, आणि ती करताना पंचांची जी शोभा होते ती टाळलेलीच बरी. चेंडू कुठे आहे, शॉट क्लॉकवर किती सेकंद उरलेत, बदली खेळाडू आले तर मैदानावर पाच-पाचच जण आहेत ना, हेही त्यानेच बघायचं. आणि हे सगळं करताना नजर खेळाडूंवरून हलवायची नाही. टेबलाकडे काय चाललंय हे बघायचा मोह होतोच, तो आवरायचा.

टेबलाचं काम झालं. आता जागा बदलायची. लीडने फाऊल दिला आणि खेळ त्याच बास्केटवर पुढे सुरू होणार आहे, मग फ्री थ्रोने असो किंवा थ्रो-इनने. अशा वेळी फाऊल देणारा लीड टेबलाकडून परत बेसलाइनवर जात नाही, तो ट्रेलची जागा घेतो. आधीचा ट्रेल पुढे जाऊन बेसलाइनवर लीड होतो. फाऊल देणारा शेवटी ट्रेल, एवढं सूत्र दोन पंचांच्या सामन्यात लक्षात ठेवलं तरी निम्म्या अडचणी सुटतात.

यामागे कारणं आहेत, आणि ती कळली तर सूत्र विसरलं तरी चालेल. पहिलं कारण साधं अंतराचं. टेबलाशी बोलायला आलेला पंच आधीच बाहेरच्या बाजूला आलेला असतो, ट्रेलची जागा त्याला जवळ पडते. शिवाय त्याचा जोडीदार खेळाडूंकडे बघत-बघतच पुढे सरकत बेसलाइनवर पोहोचतो, त्यामुळे खेळाडूंवरची नजर कुठेच तुटत नाही. दुसरं कारण माणसांचं. बास्केटखाली ज्या मुलीला तुम्ही फाऊल दिला, तिच्या शेजारीच तुम्ही पुन्हा जाऊन उभे राहिलात तर ती काहीतरी बोलणार, तुम्ही उत्तर देणार, प्रकरण वाढणार. जोडीदार तिथे गेला की तिचा राग तिथेच निवतो. तिसरं कारण मला स्वतःला सगळ्यात पटणारं आहे. बास्केटखालचे धक्के लीडच्या वाट्याला जास्त येतात. एकच पंच संपूर्ण क्वार्टर एकाच बास्केटखाली लीड राहिला तर एका संघाला वाटू लागतं की हा आपल्याच मागे लागलाय. जागा बदलत राहिल्या की दोन्ही संघांना दोन्ही पंच दोन्ही ठिकाणी दिसतात, आणि पंचांनाही एकाच कोनातून बघायची सवय लागत नाही.

ट्रेलनेच फाऊल दिला तर? खेळ त्याच बास्केटवर सुरू राहणार असेल तर तो टेबलाला सांगून पुन्हा ट्रेलच होतो आणि लीड आपल्या जागी थांबतो. फाऊल देणारा ट्रेल, हे सूत्र इथेही पाळलं जातं. मात्र प्रत्येक फाऊलनंतर जागा बदलायच्याच, अशी पद्धत शिकलेले पंचही तुम्हाला भेटतील. त्यांच्याशी मैदानात वाद घालू नका. सामन्याआधी विचारून घ्या.

चेंडूची दिशा उलटते तेव्हा नवे पंच हमखास गोंधळतात. समजा हल्ला करणाऱ्या खेळाडूने बचाव करणाऱ्याच्या छातीवर धडक मारली आणि लीडने चार्जिंग दिलं. आता चेंडू दुसऱ्या संघाला मिळणार, खेळ उलट दिशेने जाणार. इथे मुद्दाम अदलाबदल करायचीच नाही. दिशा उलटल्यावर लीड तसाही ट्रेल होणारच असतो. तो टेबलाला सांगतो आणि परत येऊन बेसलाइनजवळ थ्रो-इन देतो. जोडीदार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नवा लीड होतो. हाच फाऊल ट्रेलने दिला असेल तर तो टेबलाला सांगून पुढे नवा लीड म्हणून जातो, आणि थ्रो-इन आधीचा लीड देतो. इथे अदलाबदल करायला गेलात तर बेसलाइनवरच्या पंचाला मैदानाची 28 मीटर लांबी पार करावी लागते आणि मध्येच काही क्षण कुणीच खेळाडूंकडे बघत नसतं. धावण्यात दम जातो तो वेगळाच. म्हणून शिट्टीनंतर मनातल्या मनात पहिला प्रश्न एकच विचारायचा: चेंडू कुठल्या बास्केटकडे जाणार? त्याचं उत्तर मिळालं की पाय आपोआप योग्य दिशेला वळतात.

फ्री थ्रोच्या वेळी ही मांडणी स्पष्ट दिसते. लीड बास्केटखालच्या बाजूने किती थ्रो आहेत ते बोटांनी दाखवून चेंडू शूटरला देतो, ट्रेल तीन गुणांच्या रेषेजवळ उभा राहून शूटरवर, चेंडूवर आणि बाहेरच्या खेळाडूंवर लक्ष ठेवतो. रिबाउंडच्या जागांवर जास्तीत जास्त पाच खेळाडू, तीन बचावाचे आणि दोन हल्ल्याचे, आणि शूटरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत त्यांनी आत पाऊल टाकायचं नाही. चेंडू देण्याआधी लीडने जोडीदाराकडे एकदा बघायचं. तो टेबलाकडून वळून जागेवर आला का, त्याची तयारी झाली का, हे पाहिल्याशिवाय चेंडू हातातून सोडायचा नाही. माझ्या मते ही सवय सगळ्यात आधी लावून घ्यावी. खेळाडू, कोच, प्रेक्षक सगळे घाई करतात. चेंडू तुमच्या हातात आहे तोवर खेळ सुरू होऊ शकत नाही, मग घाई कशाला?

थ्रो-इनने सुरुवात होणार असेल तर आणखी एक हिशेब असतो. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाल्यावर बचाव करणाऱ्या संघाच्या पुढच्या फाऊलला शॉट नसला तरी दोन फ्री थ्रो मिळतात. फाऊल देणाऱ्याने थ्रो-इनची खूण केली आणि टेबलावर पाचवा फाऊल लागला, की सगळ्यांना पुन्हा जागा बदलाव्या लागतात आणि पंच गोंधळले असा संदेश जातो. म्हणून चौथा फाऊल लागला की दोन्ही पंचांनी एकमेकांना बोटांनी कळवून ठेवावं. शॉट क्लॉकचंही तसंच. पुढच्या कोर्टात बचावाच्या फाऊलनंतर थ्रो-इन असेल आणि घड्याळावर 14 किंवा जास्त सेकंद असतील तर तेच पुढे चालतात, 13 किंवा कमी असतील तर 14 होतात. शिट्टी वाजली तेव्हा आकडा किती होता हे फाऊल न देणाऱ्या पंचाला माहीत असलं, तर शॉट क्लॉक चालवणाऱ्याची चूक लगेच पकडता येते.

आता तीन पंचांची पद्धत. अमेरिकेतल्या एनबीएने 1978-79 च्या हंगामात तीन पंच लावून पाहिले, पुन्हा दोनवर आले, आणि 1988-89 पासून तिसरा पंच कायम केला. तिसऱ्याला सेंटर म्हणतात. लीड आणि ट्रेल एका बाजूला, सेंटर समोरच्या बाजूला, साधारण फ्री थ्रोच्या रेषेच्या सरळीत. इथे दोन शब्दांत गल्लत होते, ती करू नका. खेळ चालू असताना चेंडू दुसऱ्या बाजूला गेला की लीड बेसलाइनवरून त्या बाजूला जातो. मग सेंटर ट्रेल होतो आणि ट्रेल सेंटर. हे रोटेशन, आणि ते सुरू करणं लीडच्या हातात असतं. फाऊलनंतर चेंडू मेलेला असताना होते ती अदलाबदल वेगळी.

तिघांच्या अदलाबदलीत खरं तर दोघंच हलतात. फाऊल देणारा एक नवी जागा घेतो, त्या जागेवरचा पंच त्याची रिकामी झालेली जागा भरतो, आणि तिसरा हलत नाही. तिघंही हलू लागले की समजा काहीतरी चुकलं. फाऊल देणाऱ्याने कुठल्या बाजूला जायचं यावर मात्र दोन परंपरा आहेत. एकीत तो टेबलाच्याच बाजूला थांबतो, म्हणजे कोचला काही विचारायचं असेल तर ज्याने निर्णय दिला तोच जवळ असतो. दुसरीत तो समोरच्या बाजूला जातो, म्हणजे बेंचवरून येणाऱ्या तक्रारींना जवळचं गिऱ्हाईक मिळत नाही आणि वातावरण निवळतं. दोन्हींत तथ्य आहे. शांत कोचसमोर मला पहिली चांगली वाटते, तापलेल्या बेंचसमोर दुसरी. पण हे पंचाने मनाने ठरवायचं नसतं. त्या स्पर्धेत कुठली पुस्तिका लागू आहे तीच पाळायची, आणि तिघांनी एकच पाळायची.

एखाद्या खेळाडूच्या पाचव्या, म्हणजे त्याला बाहेर बसवणाऱ्या, फाऊलची गोष्ट वेगळी सांगायला हवी. ज्या खेळाडूला तुम्ही पाचवा फाऊल दिलात, त्याच्या कोचकडे ती बातमी घेऊन शक्यतो तुम्ही जाऊ नका, जोडीदाराने जावं. टेक्निकल फाऊल दिला तर ज्याला दिला त्याच्यापासून लांबची जागा घ्या. स्पष्टीकरण द्यायचं तर एका वाक्यात द्या आणि पुढे चला. बेंचकडे पाठ करून उभं राहणं उद्धटपणाचं वाटतं, आणि तोंड करून उभं राहिलात तर संभाषण लांबतं. थोडं तिरकं उभं राहून, नजर मैदानावर ठेवून ऐकणं उत्तम.

दोघांनी एकदम शिट्टी वाजवली तर? मूठ दोघांची वर, पण पुढची खूण करण्याआधी डोळ्याला डोळा द्या. एकाने ब्लॉकिंगची आणि दुसऱ्याने चार्जिंगची खूण केली की ती परत घेता येत नाही, आणि मुंबईतल्या नागपाड्याच्या मस्तान तलावासारख्या मैदानावर, जिथे बघणाऱ्यांना खेळ कळतो, ती चूक कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. साधारणपणे ज्याच्या दिशेने खेळ येत होता, त्याने निर्णय घ्यावा. दुसऱ्याने मूठ खाली घेऊन लगेच खेळाडूंकडे नजर वळवावी, म्हणजे तो आपसूकच फाऊल न देणारा पंच झाला.

सराव कसा करायचा? यासाठी सामना लागत नाही. रिकाम्या कोर्टवर जोडीदाराबरोबर उभे राहा. तिसरा कुणीतरी बाजूला उभा राहून परिस्थिती सांगेल: लीडचा फाऊल, दोन फ्री थ्रो, ट्रेलचा फाऊल, साइडलाइनवरून थ्रो-इन, लीडचं चार्जिंग, दोघांची शिट्टी. प्रत्येक वेळी शिट्टीपासून पुढच्या चेंडूपर्यंत सगळं चालत-चालत करा, खुणांसकट. वेग नंतर येतो. जो फाऊल देत नाही त्याने या काळात आपण कुणाकुणाकडे बघितलं, शूटर कोण, शॉट क्लॉक किती, हे मोठ्याने बोलून दाखवावं. मोबाइलवर चित्रीकरण करून पाहिलंत तर चेंडूमागे आपले डोळे किती पळतात ते लगेच कळेल.

आणि सामन्याच्या दिवशी कपडे बदलताना जोडीदाराशी पाच मिनिटं बोला. ट्रेलच्या फाऊलनंतर बदलायचं की नाही? दोन शिट्ट्या झाल्या तर कोण? चौथा संघ-फाऊल लागला की खूण कुठली? टेबलाशी बोलताना उभं कुठे राहायचं, कारण शाळेच्या मैदानावर टेबल कुठल्या कोपऱ्यात मांडलंय हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. मग टेबलावर बसलेल्या मुलांनाही भेटा. नंबर कळला की त्यांनी हात वर करून तो उलट दाखवावा, एवढं सांगून ठेवा. तो हात दिसेपर्यंत टेबलासमोरून हलू नका.